तोफेचे प्रमाण

वाङ्मयाच्या मासिकात प्लॅस्टिकच्या तोफेला जागा कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांस पडेल, आणि तो अगदीच गैरवाजवी म्हणता येणार नाही. परंतु जिच्यावर एखादा सुशिक्षित माणूस वर्षभराच्या संध्याकाळी खर्ची घालतो, जी पाहावयास शेजारपाजारची मंडळी मुद्दाम येतात, आणि पाहून झाल्यावर 'हुबेहूब' ह्या एका शब्दापलीकडे जिच्याविषयी कोणी काही बोलत नाही, अशा कृतीची टीका कोणी तरी केली पाहिजे. चित्र पाहून आपण 'हुबेहूब' म्हणून थांबत नाही. नाटक पाहून तर मुळीच थांबत नाही; नटाने राजा हुबेहूब उभा केला असे म्हटल्यावर लगेच दुसरा विचारतो, कोणता राजा, आणि कोणाच्या नजरेने पाहिलेला? तोच प्रश्न आम्ही येथे एका तोफेस विचारणार आहोत.

ही तोफ आम्ही पाहिली ती यवतमाळ जिल्ह्याच्या झरी जामणी तालुक्यातील मुकुटबन येथे. गाव लहान, आसपास कापसाची राने, पोटात चुनखडी आणि कोळसा, आणि अलीकडे सिमेंटच्या कारखान्यामुळे वाढलेली वर्दळ. आमचे एक तरुण स्नेही नोकरीनिमित्त तेथे राहतात. त्यांच्या बैठकीच्या खोलीत दोन बाके जोडून त्यांवर जर्मनांच्या 'डोरा' नामक तोफेची प्रतिकृती एकास पस्तीस ह्या प्रमाणात जुळवून ठेवलेली आहे. तिची लांबी सव्वा मीटरहून अधिक, उंची तेहतीस सेंटिमीटर, आणि नुसती नळीच त्र्याण्णव सेंटिमीटर. घरात तोफेला जागा आहे, पण पाहुण्यांच्या पानांना नाही, अशी त्यांच्या मातोश्रींची तक्रार आम्ही ऐकली. ती टीकेच्या कक्षेत येत नाही. तथापि निराधारही नाही.

मूळ तोफेविषयी थोडे सांगणे अवश्य आहे, कारण ते जाणल्यावाचून प्रतिकृतीचे गुणदोष कळावयाचे नाहीत. फ्रान्सने आपल्या पूर्व सरहद्दीवर बांधलेली माजिनो तटबंदी फोडावी ह्या हेतूने क्रुपच्या कारखान्याने ही तोफ आखली. १९४० साली फ्रान्स पडला तेव्हा ती तयारच नव्हती, आणि तटबंदी फोडण्याचे प्रयोजनही उरले नव्हते. नळीचा व्यास ८० सेंटिमीटर, नळीची लांबी सुमारे साडेबत्तीस मीटर, एकंदर वजन सुमारे १३५० टन. एका रुळमार्गावर हा भार मावेना, म्हणून तिच्यासाठी शेजारीशेजारी दोन मार्ग घालावे लागत, आणि तिची ऐंशी चाके ह्या दोन मार्गांवर वाटलेली असत. कठीण आवरणे भेदणारा तिचा गोळा सात टनांचा होता. इतके करून ही तोफ खऱ्या लढाईत डागली गेली ती एकाच ठिकाणी, १९४२ च्या जून महिन्यात, क्रिमियातील सेवास्तोपोलच्या वेढ्यात; आणि तेथे तिने उडवलेले गोळे पन्नासही भरत नाहीत. पुढे १९४५ साली ती शत्रूच्या हाती पडू नये म्हणून जर्मनांनीच मोडून टाकली. म्हणजे आज ही तोफ पाहावयाची तर छायाचित्रांत किंवा प्रतिकृतीतच. मूळ नाहीसे झालेले असल्यामुळे प्रतिकृतीची जबाबदारी वाढते, हे येथे लक्षात ठेवावे.

आता कारागिरी. अशा प्रतिकृतीचा संच पेटीतून येतो. पॉलिस्टायरिन नावाचे प्लॅस्टिक वितळवून पोलादी साच्यात दाबाने भरतात. भाग तयार होतात ते एका चौकटीस देठांनी चिकटलेले, झाडाला शेंगा लागाव्या तसे. ते एकेक कापून घ्यावयाचे, देठाची खूण कानशीने व बारीक पॉलिश कागदाने घासून काढावयाची, आणि दोन भागांच्या कडा अंमळ विरघळवून एकजीव करणाऱ्या पातळ द्रवाने जोडावयाच्या. नळी बहुधा दोन उभ्या अर्धांत येते. ती जोडली की अंगावर अथपासून इतिपर्यंत सांधा दिसतो. तो लांबी भरून घासावा लागतो, परंतु घासताना नळीचा गोलवा जाऊन ती एका अंगाने चपटी होता कामा नये. आमच्या स्नेह्यांची नळी आम्ही खिडकीच्या उजेडात फिरवून पाहिली. सांधा आम्हांस सापडला नाही, आणि चपटेपणाही नाही. ज्याने कधी एक हातभर लांबीचा दांडा हाताने गोल घासला असेल त्यालाच ह्या वाक्यातील स्तुतीचे वजन कळेल.

त्याहून अवघड आहेत ती चाके. एक चाक घासणे ही मौज. ऐंशी चाके घासणे हे व्रत होय. पहिल्या दहांत उत्साह असतो, पुढल्या वीसांत सवय, आणि त्यानंतर माणसाची खरी परीक्षा, कारण साठावे चाक बिघडले तर कोणाच्याही ध्यानात येणार नाही हे त्याला ठाऊक असते. आम्ही मुद्दाम मधल्या, आतल्या रांगांतील चाके आरशाने पाहिली. ती दर्शनी चाकांइतकीच साफ आहेत. हा गुण केवळ हातचा नव्हे, शीलाचा आहे, आणि आम्ही तो निःसंकोच मान्य करतो.

ह्या छंदाविषयी एक आक्षेप नेहमी घेतला जातो: सगळे भाग जर कारखान्यातून येतात, तर जुळवणाऱ्याचे असे काय उरले? हा आक्षेप आम्हांस वरवरचा वाटतो. गवयाची चीजही त्याची स्वतःची नसते. बंदिश परंपरेने आलेली, शब्द दुसऱ्याचे, स्वरही बांधून दिलेले. तरी एकाच बंदिशीने एक गवई मैफल जिंकतो आणि दुसरा श्रोत्यांना घड्याळाकडे पाहावयास लावतो. पेटीतील भाग ही बंदिश समजावी. प्रश्न एवढाच की गायकी कोठे सुरू होते? पुष्कळ छांदिष्टांची समजूत अशी दिसते की ती रंगात सुरू होते, आणि येथून आमचा त्यांच्याशी मतभेद आहे.

कारण रंग म्हणजे त्यांच्या लेखी गंज, चिखल, ओघळलेले तेल आणि खरवडलेले कोपरे. सध्याच्या रिवाजाप्रमाणे कोणतेही रणयंत्र जुने, मळके आणि सोसलेले दिसले पाहिजे. जितका गंज अधिक तितका कारागीर थोर. आमच्या स्नेह्यांनीही डोरेच्या पायथ्याशी तांबूस ओघळ मोठ्या नजाकतीने उतरवले आहेत. ओघळ म्हणून ते उत्तम आहेत. पण जी तोफ लढाईत काही दिवसच डागली गेली, जिच्यावर अहोरात्र पहारा होता, जिची निगा राखण्यास माणसांची पलटण तैनात होती, ती वीस पावसाळे उघड्यावर पडलेल्या नांगरासारखी कशी दिसेल? नाटक मंडळ्यांतील एखादा नट पिठाने केस पांढरे करतो आणि आपण भीष्म झालो असे समजतो, त्यातला हा प्रकार. जीर्णता म्हणजे सत्य नव्हे. येथे तर हा गंज एक लबाडीही करतो. तो तोफेला दीर्घ सेवेचा, सहनशील योद्ध्याचा दर्जा देऊ करतो. डोरेने असे काही सोसलेले नाही. सोसले ते इतरांनी.

ह्याच्या उलट, आमच्या मते ह्या प्रतिकृतीतील सर्वोत्तम भाग कोणता म्हणाल तर तोफेखालची खडी. सूचनापुस्तिकेत ती नव्हती. स्नेह्यांनी मुकुटबनच्याच चुनखडीचा चुरा आणला, तो तीन चाळण्यांतून चाळला, प्रमाणास शोभेल एवढा कण वेगळा काढला आणि त्यावर चारही रूळ बसवले. फिकट, किंचित पिवळसर अशी ती खडी पाहताच आम्ही विचारले की हा रंग कसा साधला. रंग दिलेलाच नाही, असे उत्तर मिळाले. सेवास्तोपोलचा परिसरही चुनखडीचाच आहे; तेथील घरे पिढ्यान्‌पिढ्या त्याच पांढऱ्या दगडाची बांधलेली. यवतमाळ जिल्ह्यातील दगड क्रिमियातील दगडाच्या जागी उभा राहतो आणि खोटा वाटत नाही, हे सुचणे म्हणजे गायकी. तेथे कारागीर पुस्तिकेच्या बाहेर आला, आपण राहतो ती जमीन त्याने पाहिली, आणि दूरची जमीन तिच्यावरून ओळखली.

खेद एवढाच की तो तेथून पुढे गेला नाही.

आमचा मुख्य आक्षेप प्रमाणासंबंधी आहे. एकास पस्तीस हा आकडा छांदिष्ट मंडळी वेदवाक्यासारखा उच्चारतात. वास्तविक त्याची उत्पत्ती फार साधी आहे. जपानातील तामिया ह्या कारखान्याने १९६० नंतरच्या काही वर्षांत पँथर रणगाड्याचा संच काढला, तेव्हा आत चालती मोटार व विजेऱ्या मावाव्या म्हणून रणगाड्याचा आकार ठरवला गेला, आणि मागाहून मोजून पाहता तो मुळाच्या सुमारे पस्तिसाव्या हिश्शाइतका भरला. पुढे सगळे जग तेच माप वापरू लागले. त्याला आमची हरकत नाही. आपल्याकडचा हात आणि वीतही कोणाच्या तरी देहावरूनच आली. परंतु एकदा प्रमाण पत्करले की ते सर्वत्र पाळावे. रिव्हेटच्या डोक्याला एक प्रमाण आणि माणसाला दुसरे, हा न्याय नव्हे.

ह्या बाकांवर माणूस एकच आहे. एक अधिकारी, पाच सेंटिमीटर उंचीचा, कमरेवर हात ठेवून तोफेकडे पाहतो आहे. त्याचा उपयोग तोफ केवढी प्रचंड हे दाखवण्यापुरता. वस्तुस्थिती अशी होती की नुसती ही तोफ जागेवर जुळवण्यास सुमारे अडीचशे माणसे तीन दिवस खपत, आणि तिच्यासाठी रूळ घालणे, भराव टाकणे ह्या कामी अडीच हजारांपर्यंत माणसे लागली असे सांगतात. ती माणसे ह्याच प्रमाणात घडवून खांद्याला खांदा लावून उभी केली, तर त्यांची ओळ चाळीस मीटरांच्या वर जाईल. म्हणजे ती बैठकीच्या खोलीतून निघून, अंगण ओलांडून, रस्त्याने बरीच पुढे पोचेल. ही ओळ प्रत्यक्ष मांडा असे आम्ही म्हणत नाही. परंतु तिच्या जागी कमरेवर हात ठेवलेला एकच अधिकारी उभा करणे ही निवड आहे, आणि निवड म्हटली की ती टीकेला पात्र ठरते. फावडी मारणारे एक-दोघे, घाम पुसणारा एखादा, एवढ्यानेही तोफेचा अर्थ पालटला असता.

हा हिशेब आणखी पुढे नेऊन पाहिला पाहिजे, कारण तोफेची खरी गोष्ट तिच्या मागे जितकी आहे तितकीच पुढेही आहे. तलवारीची प्रतिकृती तलवारीपाशी संपते. तलवारीचा घाव हातभर अंतरावर पडतो. तोफ म्हणजे मूळातच अंतर. डोरेचे लक्ष्य वीस-पंचवीस किलोमीटर दूर होते. ह्या प्रमाणात ते अंतर सहाशे-सातशे मीटर भरते. मुकुटबनच्या त्या खोलीतून नळीच्या रोखाने निघालो तर आपण घरे मागे टाकून एखाद्याच्या कपाशीत जाऊन उभे राहू, आणि तेथे सेवास्तोपोल असेल. त्या लढाईतील तिचे सर्वांत गाजलेले लक्ष्य म्हणजे समुद्राच्या खाडीखाली, सुमारे तीस मीटर खोल खणलेले रशियनांचे दारूगोळ्याचे कोठार. तीस मीटर म्हणजे ह्या मापाने शहाऐंशी सेंटिमीटर. बाकावरून ते खाली मोजले तर फरशीही फोडून जावे लागेल. आणि तो सात टनांचा गोळा? पस्तिसाचा घन बेचाळीस हजार आठशे पंच्याहत्तर. त्याने भागले असता सुमारे एकशे त्रेसष्ट ग्रॅम येतात, एका मध्यम कांद्याएवढे वजन. संपूर्ण तोफ मूळच्या धातूची केली असती तर साडेएकतीस किलो भरली असती. प्लॅस्टिकची असल्यामुळे ती दोघांना सहज उचलता येते. 'हुबेहूब' म्हणणाऱ्याने ह्या शब्दात आकार तेवढा धरला. भार, अंतर आणि खोली सोडून दिली. आणि तोफेचा स्वभाव तर ह्या सोडलेल्या तिहींतच आहे. डागणाऱ्याला आपला गोळा कोठे पडला हे दिसत नाही. ज्याच्यावर पडला त्याला तोफ दिसत नाही. प्रतिकृतीने आपल्याला डागणाऱ्याच्या बाजूस आणून उभे केले, आणि त्याचे आंधळेपणही आपल्या नकळत आपल्या पदरात घातले.

येथे आमचे स्नेही म्हणाले की छंदाला छंद राहू द्या; दिवसभर काम करून आलेल्या माणसाने चाके घासावी, रंग द्यावा, मन निवावे, त्यात युद्धाची नीती कशाला? ह्या म्हणण्यात तथ्य आहे. इंग्रजी वाङ्मयात ह्याचा एक अमर नमुना आहे. लॉरेन्स स्टर्नच्या 'ट्रिस्ट्रम शँडी' ह्या १७५९ ते १७६७ ह्या काळात निघालेल्या कादंबरीतील टोबीकाका नामूरच्या वेढ्यात जायबंदी होऊन घरी परततात. आपल्याला जखम नेमकी कोठे झाली हे भेटीस येणाऱ्यांना समजावून सांगताना त्यांचा जीव मेटाकुटीस येतो. म्हणून आधी नकाशे, मग हिरवळीवर तटबंद्या, खंदक आणि तोफा, असा त्यांचा छंद वाढत जातो. सबंध पुस्तकात त्यांच्याइतका निरुपद्रवी, माशीलाही न दुखवणारा माणूस दुसरा नाही. स्टर्न त्यांना हसतो, परंतु त्यांचा उपहास करीत नाही, कारण त्या खेळण्यातील तटबंदीच्या मागे खरी जखम आहे हे तो विसरत नाही. तरीही त्याने एक गोष्ट चोख नोंदवली आहे. टोबीकाकांचा चाकर ट्रिम छोट्या तोफांसाठी शिसे हवे म्हणून घरातल्या खिडकीची वजने काढून नेतो, आणि एके दिवशी ती खिडकी धाडकन खाली येते ती नेमकी घरातल्या लहान मुलावर. निरुपद्रवी तोफेचेही शिसे कोठून तरी आलेले असते. आमच्या स्नेह्यांच्या घरची खिडकी शाबूत आहे, हे सांगण्यास आम्हांस आनंद वाटतो. पण टोबीकाकांना आपली जखम ठाऊक होती. विकत आणलेल्या डोरेमागे कोणाची जखम आहे, हे पेटीवर लिहिलेले नसते.

प्रमाण काटेकोर पाळले म्हणजेच सत्य हाती येते, असे मात्र आम्ही म्हणत नाही. आपल्या घरांतील जुनी खेळणी ह्याची साक्ष देतील. पुण्याकडे दिवाळीत मुले मातीचे किल्ले करतात. चढावर अळीव पेरून जंगल उगवतात. बुरुजापेक्षा मावळा मोठा, दरवाज्यातून तोफ आत जाणे अशक्य, आणि माथ्यावर सिंहासनाधिष्ठित महाराज सगळ्या गडाहून थोर. कोणत्याही मोजपट्टीने हा किल्ला खोटा ठरेल. तरी त्यात एक प्रमाण आहे. ते मनातील महत्त्वाचे प्रमाण आहे, आणि मुलाला ते पक्के ठाऊक असते. शूद्रकाच्या 'मृच्छकटिका'त चारुदत्ताचा मुलगा शेजारच्या मुलाची सोन्याची गाडी पाहून आपल्या मातीच्या गाडीसाठी रडतो, आणि वसंतसेना आपले दागिने काढून त्या मातीच्या गाडीत भरते. एवढ्या मोठ्या नाटकाला नाव मिळाले ते त्या मातीच्या खेळण्याचे. त्या गाडीची चाके किती होती, ती किती गोल होती, हे विचारण्याचे कोणाच्या मनात येत नाही, कारण तिच्यात काय भरले गेले हे आपण पाहिलेले असते.

विदर्भात ह्याहून जवळचे उदाहरण आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो. मुले आपापले लाकडी बैल सजवून, दोरीने ओढत घरोघर नेतात आणि बोजारा मागतात. त्या बैलांच्या पायांखाली चाके असतात. बैलाला चाके असतात असे मात्र कोणाही पोराला वाटत नाही, कारण आदल्या दिवशी त्याने खरा बैल धुतलेला, रंगवलेला आणि ओवाळलेला पाहिला आहे; कित्येकांनी त्या बैलामागे औतही धरलेले आहे. लाकडी बैल अपुरा आहे, पण तो ज्याची प्रतिकृती त्याचे कष्ट घरात सर्वांस माहीत आहेत. डोरा पुरी आहे, आणि तिचे कष्ट कोणासच माहीत नाहीत. अपुरी प्रतिकृती कष्टाच्या आठवणीवर उभी राहते. पुऱ्या प्रतिकृतीला ती आठवण आपल्या अंगातच बाळगावी लागते, आणि नेमके तेच काम डोरेने केलेले नाही.

तोफ आणि बैल ह्यांचे नाते आम्ही ओढूनताणून जोडतो आहोत असे कोणी समजू नये. दख्खनच्या सगळ्या मोठ्या तोफा बैलांनीच ओढलेल्या आहेत. विजापूरच्या बुरुजावरची 'मलिक-ए-मैदान' १५४९ साली अहमदनगर येथे, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात, रूमी उस्तादाने ओतली. ती पंचधातूसारख्या मिश्रधातूची आहे; लांबी सव्वाचार मीटरांहून अधिक, वजन पंचावन्न टनांच्या घरात, आणि तोंडाशी जबड्यात हत्ती धरलेला सिंह. निजामशाहीतून ती परांड्याच्या किल्ल्यात गेली आणि तेथून १६३२ साली मुरार जगदेवाने ती विजापुरास आणवली. चारशे बैल, दहा हत्ती आणि शेकडो माणसे तिला ओढीत होती असे परंपरा सांगते. इंग्रजी अमलात ती मोडीत काढण्यासाठी लिलावास निघाली तेव्हा बोली आली ती दीडशे रुपयांची, म्हणून ती वाचली! आमच्या स्नेह्यांच्या प्रमाणाने ही तोफ केली तर सुमारे साडेबारा सेंटिमीटर भरेल, पोळपाटावर मावेल, मातोश्रींचीही तक्रार राहणार नाही. पण तिचे चारशे बैल? दोन-दोनांच्या जोड्या लावून, एका पुढे एक अशा चार रांगांनी जुंपले तरी त्या मापात ती ओळ चार मीटरांच्या वर जाते. एवढीशी तोफ, आणि खोलीच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत बैल. मलिक-ए-मैदानची अशी प्रतिकृती आमच्या पाहण्यात नाही. ती झाली, तर पाहणाऱ्याच्या तोंडून 'हुबेहूब' हा शब्द पहिल्याने येणार नाही. तो प्रथम विचारील, ह्या बैलांना वाटेत पाणी कोण पाजीत होते?

आणि हा प्रश्न विदर्भास परका नाही. येथील लोकांच्या वाट्यास तोफेचे वैभव फारसे आले नाही. तोफा समारंभाने सैन्यात दाखल झाल्या त्या नाशिकजवळ देवळालीस. २०१८ च्या नोव्हेंबरात के-नाइन वज्र आणि एम-सातशे-सत्त्याहत्तर ह्या तोफा तेथेच सैन्याच्या स्वाधीन झाल्या, आणि त्यांची छायाचित्रे सर्वांनी पाहिली. विदर्भाकडे आला तो दारूगोळा. मुकुटबनपासून फार दूर नाही अशा भद्रावतीस चांद्याची आयुध निर्माणी आहे. नागपुरास अंबाझरी, भंडाऱ्यास जवाहरनगर, आणि वर्धा जिल्ह्यात पुलगाव येथे देशातील सर्वांत मोठ्या दारूगोळा कोठारांपैकी एक. पुलगावच्या कोठारास ३१ मे २०१६ च्या पहाटे आग लागली आणि ती विझवताना जवान, अधिकारी व अग्निशमन दलातील माणसे प्राणास मुकली. जवाहरनगरच्या कारखान्यात २४ जानेवारी २०२५ रोजी स्फोट झाला. आठ कामगार गेले. ही माणसे कोणत्याही तोफेच्या शेजारी कमरेवर हात ठेवून उभी नव्हती. तोफ एकदा धडाडावी म्हणून तिच्या मागे जी लांबच लांब ओळ उभी असते, त्या ओळीत ती कोठे तरी होती. ह्या मुलखात राहून, ह्याच मुलखाची चुनखडी चाळून जो डोरा उभारतो, त्याला ही ओळ दिसू नये ह्याचे आम्हांस नवल वाटते, आणि थोडे वाईटही. खडी पाहण्याइतके डोळे ज्याला आहेत त्याच्याकडून आमची अपेक्षा अधिक होती.

आम्ही हे सगळे त्यांस समक्ष सांगितले. त्यांनी गंजाविषयीचे म्हणणे मान्य केले नाही. तो रिवाज साऱ्या जगात चालतो असे ते म्हणाले, आणि जगाचे मत बदलणे आमच्या हाती नाही. अधिकाऱ्यास हलवण्यासही ते तयार नाहीत, कारण तो खडीत पक्का चिकटवलेला आहे. मलिक-ए-मैदानच्या मापांची मात्र त्यांनी आमच्याकडून टिपणे करून घेतली. एकास पस्तीस प्रमाणाचे दख्खनी बैल कोणत्याही पेटीत मिळत नाहीत, तेव्हा ते लाकडाचे कोरावे लागणार, प्रत्येकी सहा सेंटिमीटर लांबीचे. तान्ह्या पोळ्याचे बैल करणाऱ्या गावातल्याच एका सुताराने पहिले चार कसे कोरावे ते दाखवले, आणि त्यांना चाके लावणार नसाल तर ते उभे कसे राहतील, अशी रास्त शंकाही काढली. आमचे पत्र आले तेव्हा चारशेंपैकी अकरा बैल तयार होते. त्यांतील दोघांची शिंगे सारखी नाहीत, असे त्यांनी स्वतःच कळवले आहे.